तात्या टिपणीस आणि सरकारचे जावई

भर कचेरीत, साहेबांच्या केबिनच्या दाराशी, सत्तरी उलटलेला एक पुरुष तबक घेऊन दुसऱ्या पुरुषाला ओवाळतोय, असं दृश्य तुम्ही पाहिलं नसेल. मी पाहिलं आहे, आणि एकदा नाही. तबकात सगळं यथासांग असतं. निरांजन, हळदकुंकू, अक्षता, सुपारी, वर त्याच्या बायकोची सोन्याची अंगठी. ओवाळणारे आमचे रामवाडीतले शेजारी तात्या टिपणीस. ओवाळून घेणारे कोणीतरी शेठ, जे नुकतेच सगळी रांग ओलांडून आत गेले होते आणि चहा पिऊन, काम उरकून, खिशात कागद घालून बाहेर आले होते.

कचेरी कुठली ते सांगत नाही. पेणची म्हटलं तर पेणकर रागावतील, रोह्याची म्हटलं तर रोहेकर. बाक सगळीकडे मोडकाच असतो आणि शिपाई सगळीकडे तोच असतो. वारसनोंदीसाठी सकाळपासून आलेल्या म्हातारीला तो "साहेब मीटिंगमधे आहेत" म्हणतो आणि गाडीतून उतरलेल्या माणसाला बघून त्याचा हात आपोआप दाराच्या कडीकडे जातो.

पहिल्यांदा ते शेठ मजेत होते. त्यांना वाटलं, कुठल्यातरी मंडळाचा सत्कार असेल. त्यांनी मान खाली घातली, टिळा लावून घेतला, फोटो काढायला कोणी आहे का म्हणून इकडेतिकडे पाहिलं. मग तात्या खणखणीत आवाजात म्हणाले, "सरकारचे जावई तुम्ही! सासुरवाडीला आलात आणि कोरडे चाललात? साहेबांना ओवाळायला वेळ नसतो, म्हणून मी आलो."

रांग खो खो हसली. शेठ शिपायाला म्हणाले, "ये कौन है?" शिपाई म्हणाला, "मास्तर हैं, साब. थोडे सटके हुए हैं."

तात्या खरोखरच मास्तर. पेणच्या एका शाळेत तीस-बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. टिपणीसांचं मूळ गाव कासू स्टेशनावरून खाडीकडे जावं लागतं तिकडचं. तिथे एकेकाळी त्यांची खोती होती, म्हणजे गावाचा सारा गोळा करायचं वतन. कूळकायद्यात जमिनी गेल्या, आणि गेल्या ते बरंच झालं असं तात्या स्वतःच म्हणतात. उरलं एक बंद घर आणि खारजमिनीतला एक तुकडा. तो तुकडा हिराजी म्हात्रे आपल्या शेताबरोबर लावतो आणि वर्षाला भाताची दोन पोती रामवाडीत आणून टाकतो. काकू गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. मी एकदा अगदी सहज विचारलं, "तात्या, हे ओवाळायचं खूळ कुठून काढलंत?" तर म्हणाले, "आम्हाला मुलगी नाही, कंपनी. जावयाची हौस भागवायची कुठे? सरकारला बघ किती आहेत!"

'कंपनी' म्हणजे मी. मी रोह्याला एका केमिकल कंपनीत शिफ्टला जातो. माझं नाव तात्यांनी आजवर एकदाही उच्चारलेलं नाही. सकाळी स्टेशनला निघालो की गॅलरीतून हाक येते, "काय कंपनी, आज फर्स्ट का? जा, जा. कासूला खिडकीतून बघ, कोणाचा नवा बंगला झालाय का."

जावयांची तात्यांनी प्रतवारी लावली होती. सरकारी जागेत कुंपण घालून कायमचे बसलेले ते घरजावई. टेंडर निघालं की उगवणारे ते दिवाळसणाचे जावई. आणि ज्यांच्यासाठी नियमच बदलतात ते थोरले जावई, त्यांच्यापुढे सासराही उभा राहतो. अधिक महिना आला की तात्यांच्या अंगात यायचं. जावयाला वाण द्यायचा महिना! ते पिशवीत बत्तासे घालून कचेरीत जायचे आणि बाहेर उभ्या असलेल्या मोठ्या गाड्यांच्या बॉनेटवर एकेक मूठ ठेवून यायचे. मुंग्या लागायच्या. एका साहेबांनी चिडून पोलीस बोलावले. हवालदाराने विचार करून सांगितलं की बत्ताशांना कलम नाही.

"समान म्हणजे समान!" हे त्यांचं पालुपद. घरात दोन मांजरी होत्या. बोंबील आणला की तात्या सुरीने बरोबर मधे कापायचे, शेपटीकडचा भाग बारीक म्हणून त्या ताटलीत वर डोक्याचा तुकडा टाकायचे आणि मग दोघींना एकदम हाक मारायचे. त्यातली थोरली मांजर धाकटीला फिस्कारून दोन्ही ताटल्या फस्त करायची. तात्या तिला म्हणायचे, "तू शासनात जा."

लग्नात पुढच्या सोफ्यावर बसायचे नाहीत. सोफा कोणासाठी, असं विचारायचे. 'प्रतिष्ठितांसाठी' असं उत्तर आलं की "मग मी जेवणार पण प्रतिष्ठितांच्या नंतर" म्हणून पंगतीच्या शेवटी बसायचे आणि नेमकं मटण संपलेलं असायचं. टिपणीसांना मटण न मिळणं ही लहान गोष्ट नव्हे. पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

एकदा मात्र तात्यांचा अंदाज चुकला. पांढरे कपडे, काळा चष्मा, हातात किल्ली आणि शिपायाचा लवून नमस्कार. तात्यांनी निरांजन पेटवलं, टिळा लावला, ओवाळलं आणि नेहमीचं भाषण सुरू केलं. तो माणूस गोंधळून म्हणाला, "चाचा, मैं तो ड्रायव्हर हूँ. सेठ का कागज लेने आया था." आणि त्याचे डोळे भरून आले. घर सोडून आल्यापासून त्याला कोणी टिळा लावला नव्हता. तात्या इतके ओशाळले की त्याला हाताला धरून रामवाडीत घेऊन आले आणि जिताड्याचं कालवण खाऊ घातलं. जिताडा म्हणजे आमच्याकडचा माशांचा राजा. पूर्वी साहेबाला जिताडा पोचला की अडलेलं काम व्हायचं. "निदान एक जिताडा तरी बरोबर माणसाच्या पोटात गेला," असं तात्या नंतर सांगायचे. तो ड्रायव्हर पुढे गाडी घेऊन पेणवरून गेला की हॉर्न वाजवून जायचा.

मला हा सगळा तमाशा आवडायचा. सरकारी काम नि सहा महिने थांब, असं म्हणत आपण थांबतो आणि पुढे गेलेल्याच्या पाठीकडे बघून घरी येऊन बायकोवर चिडतो. तात्या निदान तोंडावर हसायचे. यापलीकडे कोणी काय करणार, असं मला वाटायचं. बहुतेक त्यांनाही तसंच वाटत असावं.

मग हिराजीची भानगड झाली.

खाडीकाठी एका शेठने बंगला बांधला. बंगल्याला बोट लावायला धक्का हवा. धक्क्याच्या जागी तिवरांचं रान होतं. तिवर म्हणजे खाडीतली झाडं, सरकारी भाषेत कांदळवन, आणि ते तोडायला कायद्याने बंदी आहे. बंदी चांगलीच आहे, ती हवीच. शेठने दोन जेसीबी लावून सगळं तिवर साफ केलं. गावाने अर्ज दिले. पाहणी झाली. पाहणीला आलेले साहेब बंगल्यातच जेवले. मग असं समजलं की परवानगी आहे. कामाच्या आधी नव्हती, नंतर आली, पण आली ती आधीपासून आहे असं धरायचं. इतका पुढचा-मागचा विचार करणारं सरकार गरिबाच्या दाखल्याला एक तारीख उलटली तर नवा अर्ज मागतं!

धक्क्यामुळे पाणी वळलं आणि गावाच्या बाहेरकाठ्यावर, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधावर, आपटायला लागलं. एका उधाणाला बांध फुटला. आमच्याकडे म्हणतात, खांड गेली. खारं पाणी शेतात शिरलं की दोन-तीन पावसाळे तिथे भात होत नाही. खांडीच्या तोंडाशी पहिलं शेत हिराजीचं, त्याला लागून तात्यांचा तुकडा. हिराजीने त्याच दुपारी कोयता घेतला, बांधालगतच्या तिवराच्या फांद्या तोडल्या, खुंट ठोकले, मधे माती भरून पाणी थोपवलं. त्याचा बाप असंच करायचा आणि आजाही.

दोन दिवसांनी जंगलखात्याची माणसं आली आणि हिराजीवर गुन्हा दाखल झाला.

हिराजीने समोरच्या धक्क्याकडे हात केला. "आन त्यो?"

"ते वेगळं प्रकरण आहे," वनरक्षक म्हणाला. त्याला बिचाऱ्याला तरी काय माहीत, ते किती वेगळं आहे!

गाव घाबरलं. बांधाला कोणी हात लावेना. हिराजीने ठोकलेले खुंट ढिले झाले, भरतीला पाणी पुन्हा आत यायला लागलं, आणि अमावास्येचं उधाण तोंडावर आलं.

तात्यांनी हे ऐकलं त्या दिवशी तबकाला हात लावला नाही. धुतलेला सदरा घातला आणि मला म्हणाले, "कंपनी, सुट्टी आहे ना? गाडी काढ. गुन्हा नोंदवायचाय."

"कोणावर? शेठवर?"

"माझ्यावर."

वाटेत त्यांनी सगळं समजावलं. फांद्या तोडल्या त्या त्यांच्या तुकड्याच्याही बांधाला लागल्या होत्या. म्हणजे फायदा त्यांचाही. म्हणजे आरोपीही ते. "हिराजीला लावलंत तेच कलम मला लावा. मग बघतो, मला लावलेलं शेठला कसं लावत नाहीत ते. समान म्हणजे समान!" बाईकवर मागे बसून ते इतके खुश होते की मला वाटलं, आपण लग्नालाच चाललोय.

हिराजीलाही त्या दिवशी जंगलखात्याच्या कचेरीत बोलावलं होतं. तो दाराबाहेर भिंतीला टेकून उभा होता. आम्ही आत गेलो आणि टेबलामागचा तरुण साहेब ताडकन उभा राहिला. "सर! तुम्ही?" तात्यांचा विद्यार्थी निघाला. वाकून पाया पडला, खुर्ची पुढे ओढली, चहा सांगितला. तात्यांनी आपलं म्हणणं मांडलं. साहेबाने हसत ऐकलं.

"सर, तुमच्यासारख्या माणसावर कुठे केस करायची? काहीतरीच! तुमचं नाव यात कुठेच येणार नाही, मी स्वतः बघतो."

"अरे, पण बांध माझा आहे."

"असू दे हो. तुम्ही काळजीच करू नका. चहा घ्या."

तात्यांनी आणखी दोनदा सांगून पाहिलं. जितकं सांगावं तितकं साहेबाचं प्रेम वाढत गेलं. शेवटी चहा पिऊन आम्ही बाहेर पडलो. हिराजी अजून भिंतीशीच होता. त्याने विचारलं, "झाला काय मास्तर?" तात्या बाईकवर बसले.

एरवी हमरस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला ते कंत्राटदाराच्या नावाने अक्षता टाकतात. त्या दिवशी काही नाही. रामवाडीच्या जिन्यात उभं राहून म्हणाले, "मला त्याने खुर्ची दिली रे."

"विद्यार्थी आहे तुमचा. देणारच."

"हिराजीला नाही दिली. आणि मी चहा प्यायलो." मग म्हणाले, "मीही जावईच निघालो, कंपनी. लांबचा, गरीब, पण जावई."

मला हसू आलं, पण ते हसत नव्हते. वर गेले आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गावात गेलो. हिराजी घरात नव्हता, त्याची बायको सोनाबाई अंगणात सुकट पसरत होती. तिने सांगितलं, गावकी बसली होती. म्हणजे गावाची बैठक. ठरलंय की तिवराला हात लावायचा नाही, निव्वळ मातीने खांड बुजवायची. उद्या ओहोटीला घरटी एक माणूस बांधावर. जुना कायदाच आहे तो. खांड गेली की प्रत्येक घरातून एक माणूस उतरलाच पाहिजे. मुंबईला नोकरीला असलेला असो, सरपंच असो, नवरदेव असो. जो येणार नाही त्याच्या घरच्या लग्नाला नि मयताला गाव जात नाही.

"हां! हा खरा कायदा!" तात्यांचा चेहरा उजळला. "इथे सगळे समान. आणि मला कोणी कळवलं कसं नाही गो? माझंही घर आहे गावात."

सोनाबाई सुकट उगीच इकडची तिकडे करत राहिली.

"बोल की."

"मास्तर, तुमच्या घराला बोलावना नसतं."

"का?"

"खोताचा घर ना ता. खोताच्या घरचा मानूस चिखलात कसा उतरंल? माझा आजेसासरा सांगायचा, तुमच्याकडनं खाडीला नारल यायचा. वरनं सावलीत बसून बघायचं खोत. आमी कुनी मनात नाय धरला कदी. चालत आलंय."

मी तात्यांकडे पाहिलं नाही. आपल्या घराण्याची खोती गेली ते बरं झालं, असं आयुष्यभर सांगणारा हा माणूस. जमीन गेली, वतन गेलं, घराचं छप्पर बसलं, आणि ही एवढी सवलत मात्र कोणी काढून घ्यायची राहून गेली होती. गावाने ती आदराने जपून ठेवली होती. खांड किती वेळा गेली असेल, गावाने किती वेळा बुजवली असेल, आणि तात्या पेणला बसून नकाशात खाड्या दाखवत होते.

"उद्या किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"तुमी नका येऊ, मास्तर. जंगलवालं पन येतील नावं घ्यायला."

"ओहोटी किती वाजता, ते सांग गो."

खांड त्या ओहोटीला बुजली, हे आधीच सांगून टाकतो. केस अजून चालू आहे, धक्का उभा आहे, शेठची बोट येते-जाते. बळी तो कान पिळी, त्यात काही फरक पडलेला नाही. पण मला सांगायचंय ते दुसरंच.

आम्ही पोचलो तेव्हा बांधावर गाव जमलं होतं. बाया, पुरुष, कंपनीतून रात्रपाळी करून थेट आलेली पोरं. लांबवर दोन वनरक्षक मोटारसायकलला टेकून उभे होते. तात्यांनी शाळेतली खाकी हाफपँट घातली होती. ती पोटावर बसत नव्हती म्हणून वर सुतळी बांधली होती. त्यांच्या त्या पांढऱ्या, बारीक पायांकडे बघून दोन पोरी तोंडावर पदर धरून हसल्या. हसण्यासारखेच होते.

धर्माजी म्हातारा गावकीचा पंच. तो बांधावर उभा राहून घरांना हाक मारत होता. हाक मारायची रीत ठरलेली. "हिराजीच्या घरातनं कोन?" "मी हाय." आणि तो माणूस चिखलात उतरून रांगेत उभा राहायचा. "लक्षिमनच्या घरातनं कोन?" लक्ष्मण आजारी, त्याची सून उतरली. "मी हाय."

तात्यांना बघून धर्माजी थबकला. लगबगीने पुढे आला. "मास्तर, तुमी? इकडं या, झाडाखाली सावली हाय. तुमी नावं लिवून घ्या, तुमचं अक्षर चांगला हाय."

"नावं नकोत. हाक मार."

"कशी मारू? आजवर मारली नाय."

"बाकीच्यांना मारतोस तशी."

धर्माजीने हिराजीकडे पाहिलं. हिराजी खाली कमरेएवढ्या चिखलात उभा होता. त्याने मान डोलावली. धर्माजीने घसा खाकरला आणि खाडीकडे तोंड करून, जणू लांबच्या कोणाला तरी, हाक मारली.

"टिपनिसाच्या घरातनं कोन?"

तात्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं, घराकडून आणखी कोणी येतंय का बघावं तसं. मागे मोकळी वाट होती आणि त्यांचं ते बंद घर होतं.

"मीच हाय," ते म्हणाले. "दुसरा कोनी नाय."

रांगेत हिराजी बाजूला सरकला आणि एका माणसापुरती जागा झाली.

"मग ये खाली, तात्या," धर्माजी म्हणाला. "पानी चढायच्या आत."